डिकीत उघडलेली सायकल

माझ्या हातून आजवर चौदा प्रकारच्या घडीच्या खाटा, सहा प्रकारच्या घडीच्या खुर्च्या आणि एक घडीचं स्ट्रेचर उतरलेलं आहे. उतरलेलं म्हणजे कागदावर. पुढचं लोखंडकाम कारखाना करतो, आणि त्यानंतर गिऱ्हाइकांची जी बोटं चेमटतात त्याला मी जबाबदार नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत वाचून हा कोण टिकोजीराव सायकल काढायला निघाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. घडी हा माझा विषय आहे. निदान त्या महिन्यापर्यंत माझी तशी समजूत होती.

झालं असं. माझी बायको शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. डॉक्टर नाही, नर्सही नाही. ऑपरेशनला लागणारे कपडे आणि हत्यारं जिथे बांधून, वाफेच्या यंत्रातून काढून तयार ठेवतात त्या विभागात चोवीस वर्षं काम करते. ती तिथे नेमकं काय करते हे मला कोणी विचारलं असतं तर मी 'कपड्यांच्या घड्या घालते' असं सांगितलं असतं, आणि तेही जरा ओशाळून. सहाची पाळी असल्यामुळे ती आमची गाडी घेऊन जाते. पण हॉस्पिटलने नव्या इमारतीसाठी स्वतःचं पार्किंग खणून ठेवलं, आणि गाड्या दीड किलोमीटरवरच्या मैदानात लावायला सांगितल्या. मधला रस्ताही खणलेला. माणूस जाईल, सायकल जाईल, बाकी काही नाही. आणि बायकोचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून तक्रार करतोय.

एका संध्याकाळी मटार सोलता सोलता ती म्हणाली, "पहिल्या तारखेला अर्ज देऊन टाकते. स्वेच्छानिवृत्तीचा."

दूध संपलंय, असं सांगावं त्या सुरात म्हणाली. मान वर केली नाही. पण एवढं बोलून तिने सोललेले दाणे टरफलांच्या भांड्यात टाकले आणि टरफलं दाण्यांत. चोवीस वर्षांत तिच्या हातून वस्तू चुकीच्या भांड्यात पडलेली मी पाहिली नव्हती. अशा वेळी माझं जे नेहमी होतं तेच झालं. तोंड आधी उघडलं.

"काही अर्जबिर्ज नाही," मी म्हणालो, "मी तुला डिकीत मावेल अशी घडीची सायकल करून देतो. विजेवर चालणारी. मैदानापर्यंत गाडी, तिथे डिकीतून सायकल काढायची, उघडायची, की निघाली तू."

"कधी?"

"पहिल्या तारखेच्या आत."

तिने कोपऱ्यातल्या घडीच्या खाटेकडे पाहिलं. ती माझ्या चौदांपैकी नववी. पाहुणे आले की ती उघडायला शेजाऱ्यांना बोलवावं लागतं. बायको पुन्हा मटार सोलू लागली, हे मी तिच्या मोठेपणात धरतो.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर नटबोल्ट काकांची ओळख करून देतो. हे आमच्या समोरच्या दारात राहतात. निवृत्त आहेत, पण कशातून ते कोणालाच नक्की ठाऊक नाही. इमारतीतला प्रत्येक पंखा, मिक्सर आणि इस्त्री त्यांनी एकदा तरी उघडलेली आहे. परत जोडताना एखादा नट उरला की तो ते काचेच्या बरणीत टाकतात आणि म्हणतात, "काही उरलं की समजावं, यंत्र सुधारलं." बरणी तीन चतुर्थांश भरली आहे.

मी पहिली आकृती काढली. सायकल मधोमध मोडायची, हँडल खाली, सीट आत, पेडलं दुमडलेली. एकूण अकरा पायऱ्या. काकांनी चष्मा कपाळावर चढवून आकृती पाहिली.

"अकरा? अहो, अकराव्या पायरीपर्यंत वहिनी निवृत्त होतील. छत्री बघा. बटण दाबलं की फटाक! तुम्ही स्प्रिंग का नाही घालत?"

खरं सांगतो, मी भारावलो. इतकी सोपी गोष्ट एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला कशी सुचली नाही? दोन दणकट स्प्रिंगा घातल्या की एका बटणाने पुढचा भाग उघडेल, दुसऱ्याने मागचा. मी रात्रीचं जेवण विसरून आकृती बदलली. सकाळी वेल्डरकडे गेलो. हा वेल्डर कमी बोलणारा माणूस. आकृती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, हे उघडेल. पण बंद राहील का?"

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामात अशी नकारघंटा वाजायचीच.

पंधरा दिवसांत सायकल तयार झाली. वजन एकोणीस किलो. मागच्या चाकात मोटर, सीटखाली बॅटरी. बटण दाबलं की ती खरोखर फटाक आवाज करून उभी राहायची, आणि मी दर वेळी दोन पावलं मागे सरायचो, भीतीने कमी, आदराने जास्त. एकच खोड होती. मधल्या बिजागरीत बारीकशी फट राहिली होती, त्यामुळे चालवताना सारखं खडखड व्हायचं. काका म्हणाले, "राहू द्या. घंटीचा खर्च वाचला."

आता ही सायकल घरी न्यायची तर लिफ्टने. लिफ्टपाशी पाटी होती: 'लिफ्टमध्ये सायकल आणू नये.' आमच्या इमारतीचे चिटणीस त्या पाटीचे जनक. ते नेमके तिथेच उभे.

"ही सायकल नाही," मी म्हणालो, "मिटलेली आहे."

"मग तुम्ही झोपलात की माणूस नसता का?"

  मी एकोणीस किलो चार मजले चढवले, आणि संध्याकाळी पाटी बदललेली होती: 'कोणत्याही अवस्थेतील सायकल आणू नये.'

मोटर बसवलेली म्हणजे नोंद हवी का, हे विचारायला मी सायकल घेऊन वाहनांच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने एक लांबलचक अर्ज दिला. सातव्या रकान्यात वाहनाची लांबी विचारली होती.

"उघडी लिहू की मिटलेली?"

"लांबी एकच असते."

"हिला दोन आहेत."

"मग खरी लिहा."

खरी कोणती? मी त्या बाकावर अर्धा तास हा विचार केला. आयुष्यातले बहुतेक तास जर ती डिकीत मिटून पडणार असेल, तर उघडी लांबी खरी कशी म्हणायची? शेवटी कारकून स्वतः टेप घेऊन बाहेर आला. मी सायकल अर्धी उघडली असताना त्याने ती मोजली, 'मधली धरू' म्हणाला आणि शिक्का मारला. तीन महिन्यांनी कळवू म्हणाला. त्या कागदावर आमच्या सायकलीची जी लांबी नोंदली आहे, तेवढी ती कुठल्याच अवस्थेत कधीच नसते.

महिना संपायला पाच दिवस उरले तेव्हा आम्ही पहिली खरी चाचणी घेतली. पहाटेच निघालो. सायकल डिकीत, तिच्यावर बायकोची पर्स. बायको गाडी चालवत होती. मी शेजारी बसून, आता पुढे ही सायकल कारखान्यामार्फत बाजारात आणली तर गाडीवाल्या नोकरदारांचं आयुष्य कसं पालटेल, हे तिला सांगत होतो. पाठीमागे कुठेतरी खुडबुड चालली होती. मग स्पीडब्रेकर आला.

फटाक!

बायकोने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "उघडली," ती म्हणाली.

मैदानावर पोचून पाहतो तर डिकी ढिम्म. सायकलीचं हँडल वर उडून नेमकं डिकीच्या खटक्यात अडकलं होतं. मी खेचलं, बायकोने किल्ली फिरवली, पार्किंगवाल्याने शिट्टी वाजवली. बाजूच्या गाड्यांतून सल्लागार उतरले. एक म्हणाला गाडी उलटी करा. एक म्हणाला पुन्हा एका स्पीडब्रेकरवरून न्या, म्हणजे ती आपोआप मिटेल. या सूचनेवर मी क्षणभर विचार केला हे कबूल करतो.

बायकोने घड्याळ पाहिलं. "मी निघते. पर्स आत आहे. चष्मा पर्समध्ये आहे. त्याच्याशिवाय मला पाकिटांवरच्या तारखा वाचता येत नाहीत."

"तू हो पुढे. मी घेऊन येतो."

ती चालू लागली. चाळीसेक पावलं गेल्यावर थांबली आणि चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं केलं. त्या चपलेला पट्टा नव्हता. मग पुढे गेली, पुन्हा थांबली. हे ती रोज करत होती आणि घरी येऊन कधी एका शब्दाने बोलली नव्हती. मी तिथेच ठरवलं, की काय वाटेल ते झालं तरी चष्मा पोचवायचा.

मागची सीट आडवी करून मी आतून डिकीत शिरलो. शिरणं सोपं होतं. माझं डोकं चाकाच्या आऱ्यांपाशी, एक पेडल बरगडीत, हात पर्सपर्यंत पोचलेला. एवढ्यात माझा गुडघा दुसऱ्या बटणावर पडला. मागचा अर्धा भागही फटाक उघडला, आणि कधीही पहिल्या फटक्यात सुरू न होणारी मोटर त्या दिवशी सुरू झाली. चाकाने माझी पॅंट धरली आणि गुंडाळायला घेतली. मी जो आवाज काढला तो माझाच होता यावर माझा अजून विश्वास नाही.

बाहेरून पार्किंगवाल्याने टपावर टकटक केलं. "आत कोण आहे?"

"मी! डिझायनर!"

त्याने टपाला कान लावला.

"किती जण आहात?"

शेवटी त्याने आणि दोन सल्लागारांनी मिळून मला पायांना धरून बाहेर ओढलं. पॅंटची उजवी बाजू मागून गुडघ्यापर्यंत गेली होती. पण पर्स माझ्या हातात होती. घडीच्या वस्तू काढणारा माणूस स्वतः तीन ठिकाणी दुमडून बाहेर आला, असं त्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला. ऐकून न ऐकल्यासारखं करून मी ती पर्स पाठीमागे योग्य जागी धरली आणि दीड किलोमीटर ताठ मानेने चाललो. रस्ता भलताच वाईट होता. खडी, फळ्या, पुन्हा खडी. माझे दोन्ही गुडघे धड असून मला अठ्ठावीस मिनिटं लागली.

तिच्या विभागात बाहेरच्यांना प्रवेश नाही. काचेपाशी उभं राहायचं. तिथल्या मुख्य सिस्टरनी पर्स आत पाठवली, माझी अवस्था पाहून खुर्ची दिली, मी मात्र उभंच राहणं पसंत केलं. काचेपलीकडे बायको होती. तिने चष्मा लावला, हात धुतले आणि टेबलावर एक ऑपरेशनचा गाऊन घेतला.

चोवीस वर्षं मी या बाईबरोबर राहतोय. तिचे हात मी रोज पाहतो असं मला वाटत होतं. त्या दिवशी काचेतून ते पहिल्यांदा पाहिले. गाऊन उलटा झाला, बाह्या आत गेल्या, कडा एकमेकींवर बसल्या, आणि तो एवढा मोठा कपडा तिच्या हाताखाली बघता बघता वहीएवढा झाला. कुठे दाबणं नाही, ओढणं नाही, घाई नाही. तोवर दुसरा सुरू. मी श्वास घ्यायला विसरलो होतो, हे काचेवर वाफ धरली नाही म्हणून लक्षात आलं.

"तुम्ही यांचे मिस्टर ना?" मुख्य सिस्टर म्हणाल्या. "आत ऑपरेशनला हा गाऊन उघडतात ना, तेव्हा बाहेरच्या बाजूला कोणाचा हात लागता कामा नये. लागला की पेशंटला धोका. तुमच्या मिसेसनी घातलेली घडी गळ्यापाशी धरून सोडली की एका ओढीत उघडते, आपली आपण. आमचे मोठे डॉक्टर तर आत शिरताना विचारतात, आज घडी कोणाची? यांची आहे म्हटलं की निश्चिंत होतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या जाणार म्हणतात. आम्ही काय करायचं तेच कळत नाही हो."

मलाही कळत नव्हतं.  ज्या कामाबद्दल मी चारचौघांत ओशाळून बोलायचो, त्या कामावर बेशुद्ध पडलेल्या माणसांचा जीव होता, आणि ते करणारे हात माझ्या घरात राहत होते.

संध्याकाळी मी आकृती तिच्यासमोर पसरली. जी गोष्ट एकोणीस वर्षांत केली नव्हती ती केली. म्हटलं, "तू सांग."

ती बराच वेळ पाहत राहिली. "तुम्ही घडी कुठून सुरू करता?"

"उघड्या सायकलीपासून. कुठून करणार?"

"म्हणूनच. आम्ही उलटं धरतो. उघडणाऱ्याचा हात पहिल्यांदा कुठे पडणार ते आधी ठरवायचं. ते टोक शेवटी सगळ्यात वर यायला हवं. मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं." तिने टेबलावरचा नॅपकिन घेतला, तीन हालचालींत मिटला आणि माझ्यासमोर ठेवला. "धरा वरचं टोक. आता उचला."

मी उचलला. नॅपकिन उघडून सरळ लोंबू लागला. दुसरा हात लावावाच लागला नाही.

"आणि ती स्प्रिंग काढा," ती म्हणाली. "जोर कशाला लावायचा? तिच्या वजनानेच उघडू दे."

त्या रात्री मी पुन्हा कागदावर बसलो, उलट्या बाजूने. डिकी उघडल्यावर बायकोचा हात पहिल्यांदा कुठे पडेल? सीटवर. म्हणजे सीट वर हवी. सीट धरून उचलली की मागचं चाक खाली सुटणार, त्याच्या वजनाने मधली बिजागरी उघडणार, तिच्यापाठोपाठ हँडल. अकरा पायऱ्यांची एक झाली. आकृती पुरी झाली तेव्हा मी ती हातात धरून उगाचच उभा राहिलो. ही माझ्या हातून उतरली, पण सुचली मला नव्हती. वेल्डरने सकाळी ती पाहिली, पहिल्यांदाच हसला, आणि काही न विचारता काम सुरू केलं.

तीस तारखेला दुपारी इमारतीखाली सगळे जमले. बायकोने डिकी उघडली, सीट धरून उचलली, आणि सायकल शांतपणे, आळस देत उठावं तशी, जमिनीवर उभी राहिली.  चिटणीस म्हणाले, "आता हिला लिफ्टमध्ये..." आणि वाक्य अर्धं सोडून दिलं. दोन्ही स्प्रिंगा माझ्या हातात उरल्या होत्या. त्या मी काकांना दिल्या. त्यांनी त्या बरणीत टाकल्या आणि समाधानाने म्हणाले, "बघा. यंत्र सुधारलं."

एक तारीख उजाडली. बायको गाडी घेऊन गेली आणि नेहमीच्या वेळी परत आली. अर्जाचं मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मला विचारायचं धैर्य होत नव्हतं. अर्ज दिला असेल आणि नोटिशीचे दिवस भरत असतील तर? रोज सकाळी ती निघाली की मी खिडकीतून बघायचो, आणि रोज संध्याकाळी ती यायची तेव्हा तिच्या चालण्याकडे.

आठवड्याने एका सुट्टीच्या दिवशी मी सायकल तपासायला घेतली आणि माझ्या लक्षात आलं, की नव्या बिजागरीतही उरलेली ती खडखड आता बंद झाली आहे. मी आनंदलो. नवीन बिजागरी घासून घासून बसते, हे मी काकांना शास्त्रशुद्ध समजावूनही सांगितलं. मग वाकून पाहिलं. बिजागरीच्या फटीत काहीतरी पांढरं होतं. नखाएवढं, घट्ट, चपटं. बायकोचा चिमटा आणून टोक धरलं आणि ओढलं.

एका ओढीत ते माझ्या हातात उघडलं. पूर्ण कागद, एकही सुरकुती वाकडी नाही. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. खाली तारीख पहिली. तिची सही.

ती मागे येऊन उभी होती. "उघडलंत ना?"

"हा दिलाच नाहीस?"

"द्यायलाच नेला होता. पण पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या दारातून आत येईपर्यंत नुसती खडखड. सगळे खिडकीतून बघायला लागले. मी म्हटलं, आधी हिचं तोंड बंद करू. खिशात तेवढाच कागद होता." मग जरा हसून म्हणाली, "आता ठेवा परत. नाहीतर उद्या वाजेल."

मी अर्ज मांडीवर घेतला आणि घडी घालायला बसलो. चौदा खाटा, सहा खुर्च्या, एक स्ट्रेचर. पाऊण तास खपलो. एकदा काडेपेटीएवढी झाली, एकदा पाकिटाएवढी, एकदा त्याचं बोटीसारखं काहीतरी झालं. फटीत काही जाईना.

"द्या इकडे," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघा लांब करून.

"हळू घाल. मला बघू दे."

"बघा."

मी चष्मा पुसला आणि तिच्या हातांवर डोळे लावून बसलो. तरी तिने घडी कुठून सुरू केली ते मला दिसलंच नाही.